विमानतळावर लाईट गेली तर रनवेचे दिवे कसे चालू राहतात?

घरातली लाईट गेली की वाय-फाय बंद पडतं. आपण मोबाईल डेटा ऑन करतो, विषय संपला. पण दाट धुक्यात विमान उतरत असताना रनवेची लाईट गेली तर?

आधी थोडं गणित करू. उतरताना मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी साधारण 250 किलोमीटर असतो, म्हणजे सेकंदाला जवळपास 70 मीटर. धुक्यातल्या कॅट-2 लँडिंगमध्ये पायलट 30 मीटर उंचीपर्यंत खाली येऊ शकतो. तोवर दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर पुन्हा वर जायचं. तिथून चाकं टेकायला जेमतेम 8-10 सेकंद लागतात.

म्हणूनच आयकाओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम कडक आहेत. कॅट-1 रनवेवर वीज गेल्यावर दिवे 15 सेकंदांत परत यायला हवेत. कॅट-2 आणि कॅट-3 साठी मात्र सेंटरलाईन, थ्रेशोल्ड, टचडाउन झोन अशा महत्त्वाच्या दिव्यांना फक्त 1 सेकंद मिळतो.

डिझेल जनरेटर सुरू होऊन लोड घ्यायला साधारण 10 सेकंद लागतात. 15 सेकंदांचं काम तो करतो, 1 सेकंदाचं नाही. ही मधली फट बॅटरीवरचा यूपीएस भरून काढतो. काही ठिकाणी उलटी युक्ती करतात: धुकं पडलं की जनरेटर आधीच चालू करून दिवे त्यावर टाकतात आणि बाहेरची वीज बॅकअपला ठेवतात. मला ही आयडिया जाम आवडते!

आता 'स्मार्ट' भाग. नव्या सिस्टीममध्ये प्रत्येक दिव्याजवळ छोटं मॉड्यूल असतं. कोणता दिवा बंद पडला ते कंट्रोल रूमला लगेच कळतं. एलईडीमुळे वीजही कमी लागते, त्यामुळे तीच बॅटरी जास्त वेळ पुरते. पण दिवे सेकंदात आले आणि त्यांना कमांड देणारा कॉम्प्युटर रीस्टार्टच होत बसला, तर काय उपयोग? म्हणून त्यालाही यूपीएस लागतोच.

शेवटचा मुद्दा तुमच्या ओळखीचा आहे. जुना फोन 30 टक्के दाखवतो आणि कॅमेरा उघडताच बंद पडतो, कारण थकलेल्या बॅटरीला अचानक आलेला लोड झेपत नाही. यूपीएसच्या बॅटरीचंही तसंच. त्यामुळे स्क्रीनवरच्या 'फुल चार्ज'वर विसंबून चालत नाही. खरा लोड टाकून ती नियमित तपासावीच लागते.