‘वेट’ म्हणजे ओलं की थांबा? जतच्या पोरांना विचारा

पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावरून २०२५च्या उन्हाळ्यात राज्यात काय रण माजलं ते नव्यानं सांगायला नको. २९ जूनला सरकारनं तिसऱ्या भाषेचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. खरं तर त्या वादात पडलेल्या प्रत्येकानं एकदा सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकाला लागून असलेल्या जत तालुक्यात जाऊन यायला हवं होतं. पण जत आपल्याला आठवतं ते पाणीटंचाईत, नाहीतर नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी इथली चाळीस गावं कर्नाटकात घेण्याचा विषय काढला तसा कुणी काढला की. उमदी, संख अशा पूर्व भागातल्या गावांत घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि वहीत इंग्रजी हे कधीचंच चालू आहे. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही इथे आहेत.

आता इंग्रजीच्या वहीतलं एक जुनं दुखणं पाहा. देवनागरीत ‘वेस्ट’ लिहा. ही पश्चिम दिशा की वाया गेलेलं अन्न? दोन्ही. ही सगळी गोष्ट ‘ए’ची. मराठीत ‘ए’ एकच. आखूड-लांब असा भेद आपला कान करत नाही. म्हणून ओलं ते ‘वेट’, थांबणं ते ‘वेट’ आणि वजन तेही ‘वेट’. परीक्षा आणि चव दोन्ही ‘टेस्ट’. विकणं ‘सेल’, विक्रीही ‘सेल’. बोलताना एकच झालेले हे शब्द लिहिताना वेगळे कसे निघणार? मग मुलं डब्ल्यू-ई-टीच्या जागी डब्ल्यू-ए-आय-टी ठोकून देतात आणि आपण म्हणतो, स्पेलिंग कच्चं आहे.

कन्नडमध्ये मात्र ‘ए’ दोन आणि ‘ओ’ही दोन, आणि प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर. ‘कोडु’मधला ओ आखूड म्हटला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’. हा फरक उमदीचं पोर शाळेत जायच्या आधीच शिकलेलं असतं. ओल्यातला ए आखूड आणि थांबण्यातला लांब, एवढं सांगितलं की त्याला पुरे. पुण्याच्या मुलाला तोच फरक घोकावा लागतो.

कन्नडचा उदो उदो करायचाय असं नाही. बॅटमधला ‘ॲ’ आणि बॉलमधला ‘ऑ’ यांच्यासाठी मराठीनं चिन्हं करून घेतली, कन्नडला बॅट ‘ब्याट’ अशी लिहावी लागते. म्हणजे एक कान इकडून, एक तिकडून. जतच्या मुलाकडे दोन्ही असतात, आणि आपण त्याच्या घरच्या भाषेला अडथळा म्हणतो! मला याचा राग येतो.

कानानं सगळंच सुटतं असंही नाही. मुख्याध्यापक आणि तत्त्व दोघेही ‘प्रिन्सिपल’. तिथे ए-एल की एल-ई हे डोळ्यांनीच लक्षात ठेवायचं. वह्या-पेनांच्या दुकानाची स्टेशनरी ‘ई’ची (एन्व्हलपचा ई धरा), जागेवर उभी ती ‘ए’ची. ‘ॲडव्हाइस’ नाम, ‘ॲडव्हाइझ’ क्रियापद. इथे मात्र पुन्हा कान कामाला येतो, कारण स आणि झ आपल्याला चांगले कळतात. अफेक्ट-इफेक्टचे तक्ते मार्गदर्शकांत पानोपानी आहेत, ते इथे देत नाही.

पण हे तक्ते सगळ्या राज्याला एकच औषध देतात. कोणती जोडी कुणाला नडते हे घरच्या भाषेवर ठरतं, आणि ते छापील गाइडला माहीत नसतं, वर्गातल्या बाईंना असतं. म्हणून जतच्या शिक्षकांना एक विनंती: इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ‘वेट’ लिहाल तेव्हा कन्नड पोराला आधी बोलू द्या, आणि मराठी पोरांना त्याचं ऐकू द्या.