कालवाची साक्ष

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले, तेव्हा पाण्यावरचा काळा तवंग सर्वांनीच पाहिला; परंतु तवंग ओसरल्यावर मागे काय उरले, याची साक्ष द्यावी ती खडकाला चिकटलेल्या कालवानेच. भरतीचे पाणी गाळून पोट भरणाऱ्या या जीवाच्या ठायी, तेलातील बहुवलयी हायड्रोकार्बनांचे विघटन करण्याची माशाची शक्ती नसल्यामुळे, ती त्याच्या मांसात साचत जातात. म्हणूनच शिंपल्यांचे मांस नियमाने तपासून किनाऱ्याची खबर ठेवावी, अशी योजना सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली मांडली. तपासनीस प्रथम मांसाचा वास घेतो, मग द्रावकाने अर्क काढून त्यातील हायड्रोकार्बने यंत्रावर मोजतो. मात्र ओहोटीला कोयती घेऊन कालवे काढायला खडकांवर उतरणाऱ्या बाईपाशी केवळ नाकच असते, आणि अल्प विषाला वास नसतो.