मुलांचे दुःख आणि ‘किल्ला’

पनवेलजवळचा पळस्पे फाटा आपणांस ठाऊक आहेच. मुंबईकडून आलेली एक वाट इथून घाट चढून पुण्याला जाते आणि दुसरी कोकणात, गोव्याकडे वळते. या दुसऱ्या वाटेने थोडे पुढे गेले की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मोठ्या माणसाला तो नुसता खडक. पण पळस्प्याच्या पोरांना विचारा! कुणाला तिथे पहारेकरी उभा दिसेल, तर कुणाला राक्षसाचा अंगठा. मुलांची ही कल्पना म्हणजे केवळ पोरखेळ नव्हे. दुःख सोसताना मुलाला तिचाच आधार असतो. ‘किल्ला’ या मराठी चित्रपटात ही गोष्ट फार चांगली दाखविली आहे.

हा अविनाश अरुण यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, छायाचित्रणही त्यांचेच. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच पंचमंडळाने त्याला पारितोषिक दिले, आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला. महाराष्ट्रात तो २०१५ च्या जून महिन्यात लागला.

कथा साधीच आहे. चिन्मय अकरा वर्षांचा. वडील वारलेले. आई सरकारी नोकरीत; तिची बदली होऊन दोघे पुण्याहून समुद्रकाठच्या एका गावी येतात. चिन्मय अभ्यासात हुशार, पण घुमा. हळूहळू खोडकर बंड्या आणि इतर पोरांशी त्याची गट्टी जमते. एके दिवशी सायकली दामटीत सारे किल्ल्यावर जातात. पाऊस कोसळतो, आणि सोबती चिन्मयला तिथेच सोडून निघून जातात. त्या पडक्या तटांत तो एकटा सापडतो. आधी भेदरतो, मग संतापतो आणि सोबत्यांशी बोलणेच टाकतो.

आता तुम्ही म्हणाल, पोरांची थट्टा ती, एवढा राग कशाला? पण पाहा, वडील आधीच सोडून गेले, पुण्याचे घर सुटले, आणि आता सोबतीही गेले. जुन्या जखमेवरच नवा घाव बसला. इकडे आईदेखील दुःखी आहे, कचेरीतल्या कटकटींनी गांजली आहे. एका छपराखाली दोघांची दोन दुःखे, आणि बोलत कुणीच नाही! पुढे चिन्मयचा राग निवळतो, गावही आपला वाटू लागतो. तोच आईची पुन्हा बदली होते. चिन्मय झालेला अर्चित देवधर, बंड्या झालेला पार्थ भालेराव आणि आईच्या भूमिकेतील अमृता सुभाष यांनी हे सारे मोजक्या शब्दांत उभे केले आहे.

असे दुःख सगळीकडे सारखेच. अमेरिकेत कॅथरिन पॅटरसन या लेखिकेच्या मुलाची बालमैत्रीण वीज पडून दगावली. त्यातून त्यांनी १९७७ साली ‘ब्रिज टु टेराबिथिया’ ही कादंबरी लिहिली. त्यातली दोन मुले ओढ्यापलीकडच्या रानात मनाचे एक राज्य वसवितात. पुढे मुलगी बुडून मरते. मागे राहिलेल्या मुलाला तेच राज्य सावरते. २००७ साली या कादंबरीवर चित्रपटही निघाला.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गात असा चिन्मय असू शकतो. कुणाचे वडील गेलेले, कुणी बदलीमुळे वा पोटापाण्यासाठी गाव सोडून भर सत्रात आलेला. तो गप्प बसतो, नाहीतर मारामारी करतो. त्याला एकदम बेशिस्त ठरवू नका. ‘तू आता मोठा झालास, रडायचं नाही,’ असे म्हणू नका. गेलेले माणूस गावाला गेलेय, असेही सांगू नये. मूल वाट पाहत बसते. खरे काय ते सोप्या शब्दांत सांगावे आणि त्याला हवे तेव्हा बोलू द्यावे. बाकावर शेजारी मायाळू सोबती द्यावा. खेळाची सुटी कापू नये. जे बोलता येत नाही ते मूल खेळात मांडते.

जमल्यास हा चित्रपट शाळेत दाखवा, आणि पालकांनाही बोलवा. संपल्यावर मात्र तात्पर्य सांगायची घाई नको. ‘चिन्मयला राग का आला असेल?’ एवढेच विचारा आणि थांबा. एरवी वर्गात तोंड न उघडणारे एखादे मूल कदाचित त्या दिवशी चिन्मयच्या नावाने आपलीच हकिगत सांगेल. ती नीट ऐकून घ्या.