परदेशी जा, पण गावाची दोरी तोडू नका



दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझा पुतण्या कोकणातून आमच्या सीताबर्डीच्या घरी आला होता. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेला, कष्टाळू पोरगा. त्याला महाराजबाग दाखवायला नेले. बाकावर बसताच त्याने खिशातून एक कागद काढला. ओमानमधली नोकरी! मी कागद वाचला. व्हिसा पाहुण्याचा होता, कामाचा नव्हे.

"एजंट म्हणतो, तिकडे पोचल्यावर बदलून मिळेल. आधी दीड लाख भरायचे," तो म्हणाला. मी मान हलवली, तशी त्याने विचारले, "काका, तुम्हीपण गाव सोडलंतच ना? मग मलाच का अडवता?"

प्रश्न वर्मी लागला. गुहागर तालुक्यातले आमचे गाव समुद्रकाठी आहे. रात्री गाजेखेरीज दुसरा आवाज नाही. दापोलीला बी.एस्सी. (कृषी) करून मी नोकरीसाठी विदर्भात आलो आणि इथलाच झालो. पोटापाण्याची ददात राहिली नाही. पण आईच्या शेवटच्या दुखण्यात मी वेळेवर पोचलो नाही. माझ्या वाट्याची हापूसची कलमे तोंडी शब्दावर एका व्यापाऱ्याला दिली होती. मोहोर लवकर यावा म्हणून त्याने दरसाल पॅक्लोब्युट्राझोल भरमसाट घातले, खताची पाटी मात्र टाकली नाही. चार-पाच वर्षांत कलमे खंगली. जगाला सल्ला देणारा मी, घरचा करार लिहायला विसरलो!

तसे कोकणाला परमुलूख नवा नाही. मॉरिशसमध्ये १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही होती. उसाच्या मळ्यांत राबून त्यांनी तिथे पाय रोवले. आज त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पुढे कोकणातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, नंतर आखाती देशांत. तेव्हा जाण्यात कमीपणा नाही. डोळे मिटून जाण्यात धोका आहे.

जाणाऱ्याने काय पाहावे?

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे सरकारी परवाना लागतो. तो ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. पावती मागून घ्यावी. पाहुण्याच्या व्हिसावर कामाला जाऊ नये. पगार, कामाचे तास, राहणे-जेवण, परतीचे तिकीट हे सारे करारात लिहिलेले असावे. दहावी न झालेल्यांना १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत १० लाखांचा अपघात विमा मिळतो, तो घ्यावा. पासपोर्ट व कराराच्या प्रती घरी ठेवाव्यात.

मागे राहणाऱ्यांनी काय करावे?

जमीन बेवारस पडू देऊ नये. सातबाऱ्यावर वारसनोंदी राहिल्या असतील तर मुलगा जाण्यापूर्वीच करून घ्याव्यात. नंतर एका सहीसाठी वर्ष जाते. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्यावे, पण त्यात विक्रीचा अधिकार घालू नये. आंबा-काजूची बाग दुसऱ्याला द्यायची तर लेखी करार करावा. पॅक्लोब्युट्राझोल किती, कधी, आणि खत व छाटणी कोणाकडे, हे त्यात स्पष्ट असावे. खाडीकाठी भातखाचर असेल तर बांध व उघाडीची डागडुजी कोण करणार ते ठरवावे. बांध एकदा फुटला की खारे पाणी शिरते आणि शेत कैक वर्षे नापीक होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अनिवासी भारतीयाला वारसाने आलेली शेतजमीन राखता येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून "आता विकू, पैसा आला की पुन्हा घेऊ" हा हिशेब फसण्याचा संभव आहे.

पुतण्याने तो कागद परत केला. पाच महिन्यांनी परवानाधारक एजंटामार्फत, कामाच्या व्हिसावर तो ओमानला गेला. जाण्यापूर्वी बापलेकांनी तलाठ्याकडची कामे उरकली आणि कलमांचा करार लिहून घेतला. या जुलैत त्याचा फोन आला. पगाराचे बोलेल असे वाटले, तर म्हणाला, "काका, गावाकडे पाऊस लय झालाय म्हणे. बाबांना विचारा हो, खाडीचा बांध टिकला ना?"

बांध टिकला होता. मी तसे सांगितले, तेव्हा त्याला हायसे वाटले.

घरातला मुलगा पुण्याला जावो की परदेशात, त्याला अडवू नका. मात्र निघण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासह बसून सातबारा, करार आणि घरच्या म्हाताऱ्यांची सोय, या तीन गोष्टी नक्की करा. मी ते केले नव्हते, म्हणूनच सांगतो.