उतारवयातला चढ आणि बॅटरीची सायकल

कोल्हापुरात आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेकांचे तारुण्य सायकलवर गेले. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्याची पाळी, तालीम, मंडई, संध्याकाळचा रंकाळा, सगळे सायकलवरच. पुढे स्कूटर आली, मुलांची चारचाकी आली आणि सायकल जिन्याखाली गंजत पडली. आता डॉक्टर ‘व्यायाम करा’ म्हणतात तेव्हा ती आठवते. पण टेंबलाईचा चढ डोळ्यांपुढे आला की गुडघा आधीच दुखू लागतो. अशा वेळी मुलगा किंवा सून बॅटरीच्या सायकलचा विषय काढतात. चांगल्या प्रतीची घ्यायची तर किंमत स्कूटरच्या घरात जाते. एवढे पैसे घालून वयस्कर माणसाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न रास्त आहे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. मोटरच पळवणार असेल तर व्यायाम कसला? खरी ‘पेडल असिस्ट’ सायकल मात्र आपोआप पळत नाही. पाय फिरले तरच मोटर हातभार लावते. जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये अशी सायकल बाजारात आणली आणि तत्त्व आजही तेच आहे. आपल्याकडे मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर लायसन्स लागत नाही आणि नोंदणीही नाही. काही सायकलींना अंगठ्याने दाबायचा थ्रॉटलही असतो. रोज तोच दाबून फिरणाऱ्याचा व्यायाम मात्र खरोखरच शून्य.

पाय चालवले तर काय होते, हे मोजले गेले आहे. ब्रिटनमधील रेडिंग आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठांच्या संशोधकांनी ५० ते ८३ वयोगटातल्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास सायकल चालवायला लावली. काहींना साधी, काहींना बॅटरीची. तिसरा गट सायकलविना. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. लक्ष एकाग्र ठेवणे, चुकीची प्रतिक्रिया रोखणे अशा मेंदूच्या कामांत दोन्ही सायकल गटांची प्रगती दिसली. मनःस्वास्थ्याच्या बाबतीत बॅटरीवाल्यांचा गट तर सरस ठरला. त्याच वर्षी युरोपातील सात शहरांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. बॅटरीची सायकल चालवणाऱ्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांपेक्षा कमी नव्हती. दर किलोमीटरला कष्ट कमी पडतात, म्हणून माणसे लांबवर जातात आणि हिशेब जुळतो.

गुडघ्याचे गणितही सायकलच्या बाजूने आहे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीचपट भार येतो. कृत्रिम सांध्यात बसवलेल्या मापकांनी सायकलवर तो सव्वापटीच्या आसपास दाखवला, अर्थात बेताच्या जोराने पेडल मारताना. चढावर उभे राहून जोर लावला की हा फायदा जातो, आणि मोटरची खरी गरज नेमकी तिथेच असते. सीट मात्र योग्य उंचीवर हवी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवण्याची आपल्याकडची सवय गुडघ्याला महागात पडते.

आता महाग आणि स्वस्त यांतला फरक. स्वस्त सायकलीत फक्त पेडल फिरते की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. त्यामुळे मोटर अर्धा फेरा उशिरा आणि एकदम ढकलते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर चालू राहते. बिंदू चौकातल्या गर्दीत सत्तरीच्या माणसाला हा क्षणभराचा धक्का पाडायला पुरेसा आहे. महागड्या सायकलीतला टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो. पैसे मोजायचे तर यासाठी आणि चांगल्या डिस्क ब्रेकसाठी मोजावेत. जाड टायर आणि रंगीत स्क्रीन यांचा उतारवयाशी काही संबंध नाही.

दुर्दैवाने आपल्या बाजारातल्या बऱ्याच महागड्या सायकली तरुणांना नजरेसमोर ठेवून बनवलेल्या दिसतात: उंच दांडी, पुढे झुकून बसायचे, वजन पंचवीस किलोच्या आसपास. वयस्कर माणसाला हवी ती खाली वाकवलेल्या दांडीची, जिला आपल्याकडे ‘लेडीज सायकल’ म्हणतात. इथे पुरुषांचा अभिमान आडवा येतो. आयुष्यभर टांग मारून सायकलवर बसलेला माणूस ही सायकल घ्यायला तयार होत नाही. पण चढता-उतरताना तोल जाणे हा या वयातला नेहमीचा अपघात आहे, आणि त्यात गाडी चालू असण्याचीही गरज नसते. पंचवीस किलोची सायकल अंगावर आली आणि खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे कित्येक महिने, कधी कधी कायमचे, दुसऱ्याच्या आधाराने जगावे लागते. नेदरलँड्स हा सायकलींचा देश. तिथे २०१७ मध्ये २०६ सायकलस्वार दगावले, मोटारीत बसलेल्यांपेक्षा जास्त. त्यांतले साधारण चौथाई बॅटरीच्या सायकलवर होते आणि त्यांत वृद्ध पुरुषांचा भरणा मोठा होता.

म्हणून खरेदीआधी डॉक्टरांशी बोलणे हा उपचार नाही, गरज आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही जिवावर बेतू शकतो. हेल्मेटला पर्याय नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा फसवा ठरतो. त्यापेक्षा जुनी कसोटी बरी: पेडल मारताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. चक्कर येणाऱ्याने किंवा मोतीबिंदू पिकलेल्याने आधी त्यावर इलाज करावा. आणि सायकलने हाडे बळकट होत नाहीत, कारण शरीराचा भार सीटवर असतो. त्यासाठी चालणे आणि थोडे वजन उचलणे वेगळेच करावे लागते. जाता जाता, गंगावेशीत धारोष्ण दुधापर्यंतच फेरी असेल तर म्हशीच्या दुधाच्या मोठ्या पेल्यात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात. अर्ध्या तासाच्या संथ फेरीत तेवढ्या जळत नाहीत.

पन्हाळ्याचे स्वप्न बहुतेकांना पडते. शहरापासून अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आणि चढ सुमारे चारशे मीटरचा. माणूस आणि सायकल मिळून ९५ किलो धरले, तर केवळ ती उंची गाठायला शंभरेक वॉट-तास ऊर्जा लागते. ३६० वॉट-तासांची बॅटरी आणि पायांची साथ असेल तर हे सहज जमते. भीती वाघबीळच्या चढाची नाही, परतीच्या उताराची आहे. तेवढेच वजन आता ब्रेकने अडवायचे असते. सतत दाबलेला ब्रेक तापतो, बोटे आखडतात. दोन्ही ब्रेक आलटून पालटून, थांबत थांबत उतरावे, आणि पहिले काही महिने तिकडे वळूच नये.

बॅटरी हा पुढचा खर्च. ती पूर्ण भरायला अर्धा युनिटही वीज लागत नाही, पण काही वर्षांनी ती दमते आणि नवी घेताना खिशाला चाट बसते. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, रात्रभर लावून झोपू नये, आणि महिनोन् महिने वापरायची नसेल तर अर्धवट भरून ठेवावी. पावसाची सर बहुतेक चांगल्या सायकली सोसतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुराने तळमजले पाहिलेल्या शहरात मात्र बॅटरी काढून वरच्या मजल्यावर नेता येते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. पुराच्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वरून कोरडी दिसली तरी तिला चार्जर लावू नये; आत शिरलेल्या पाण्याने ती काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.