बर्फ, बूट आणि चार पाय

कुत्र्याला घेऊन बर्फातला ट्रेक? फोटो झकास येतील. पण त्याला विचारलंय का कुणी?

डिलाईल रोडवर थंडी पडते ती मुख्यतः बातम्यांत. पारा १६-१७ वर आला, की नाक्यावरचा चहावाला कानटोपी चढवतो, रात्रपाळीचे वॉचमन पुठ्ठ्यांची शेकोटी पेटवतात आणि लोअर परळच्या काचेच्या टॉवर्समधली तमाम जनता (जी वर्षभर एसीत कुडकुडत असते, तीच!) अचानक स्वेटर घालून फोटो टाकायला लागते. मॉलमध्ये ख्रिसमस ट्रीवर कापसाचा बर्फ चढतो. ज्या गिरण्यांच्या जागेवर हे मॉल आलेत, त्या गिरण्यांमधून आमचे आजोबा केसांत कापसाची भुरभुर घेऊनच घरी यायचे. त्यामुळे असला बर्फ गिरणगावाला नवा नाही. असो.

खऱ्या बर्फाची तहान भागवायला सध्याचा हॉट फेव्हरिट पत्ता म्हणजे केदारकांठा. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं १२,५०० फुटांचं शिखर. डिसेंबर ते मार्च पांढरंशुभ्र, चार-पाच दिवसांत होणारं आणि पहिल्यांदा बर्फ बघणाऱ्यालाही झेपणारं. त्यामुळे आज प्रत्येक ऑफिसात एक तरी 'केदारकांठा रिटर्न्ड' सापडतोच. त्याचे फोटो नीट बघा. पाईनचं जंगल, गुडघाभर बर्फ, लाल जॅकेट आणि शेजारी जीभ बाहेर काढून बसलेला एक झुबकेदार शेपटीचा काळा कुत्रा. हा कुत्रा जवळजवळ प्रत्येकाच्या फोटोत असतो. आणि तो बघितला, की घरी कुत्रा असणाऱ्यांच्या डोक्यात किडा वळवळतो. आपलाही न्यायचा का?

हा किडा माझ्या एका मैत्रिणीला चावला. ती एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये आहे आणि तिचा बंड्या अस्सल डिलाईल रोडचा. आमचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्या कामाच्या पत्र्यांमागे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जन्मलेल्या पाच पिल्लांपैकी हा एक. तांबूस, सडपातळ, एक कान उभा, एक पडका. तिच्या आईने 'घरात कुत्रं आणलंस तर बघ' म्हणून सांगितलं होतं. आता त्याच काकू त्याला दूधपोळी कुस्करून भरवतात.

मी केदारकांठा दोनदा केलाय, म्हणून मैत्रिणीने मला विचारलं, 'बंड्याला नेता येईल का गं?' आणि मी पत्रकार असल्यामुळे नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून थांबले नाही.

पहिला प्रश्न, न्यायचं कसं? ट्रेनमध्ये फर्स्ट एसीतला दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी आपल्या नावावर असेल, तरच कुत्रा आपल्यासोबत बसू शकतो. टू-टियर, थ्री-टियर, स्लीपर विसरा. नाहीतर गार्डाच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. रात्रभर खडखडाटात, अंधारात, एकटा. पुढे डेहराडूनहून सांकरी हे पायथ्याचं गाव साधारण २०० किलोमीटर, आणि तो घाटरस्ता आठ-नऊ तासांचा. पुरोल्याच्या अलीकडेच निम्मी गाडी पिशव्या मागायला लागते. माणसांची ही गत, तर बंड्याचं काय? वरळी सी-फेसपर्यंत टॅक्सीने नेलं तरी हे महाशय ओकतात.

पण हे सगळं पैसे आणि हौस असेल तर जमवता येतं. खरी गोम पुढे आहे.

पंजा चालेल, बाकीच्याचं काय?

कुत्र्याचे पंजे बर्फात गोठत कसे नाहीत, हा प्रश्न जपानमधल्या यामाझाकी गाकुएन विद्यापीठातल्या संशोधकांनाही पडला होता. २०११ साली त्यांनी उत्तर मांडलं, ते भन्नाट आहे. पंजात गरम रक्त नेणाऱ्या धमन्या आणि थंड रक्त परत आणणाऱ्या शिरा एकमेकींना अगदी चिकटून असतात. खाली जाणारं रक्त वर येणाऱ्या रक्ताला वाटेतच ऊब देतं. त्यामुळे पंजाही गोठत नाही आणि गारठलेलं रक्त थेट छातीपर्यंतही पोचत नाही. गिझर आणि फ्रीजचं कनेक्शन जोडून टाकावं तसं!

म्हणजे पंजाची सोय निसर्गाने केलीय. पण बाकीच्या बंड्याची? पहाडी भोटिया कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत दाट लोकर, वर राठ केस. दिवस लहान होऊन थंडी पडायला लागली, की हा कोट आणखी दाटतो. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याच्या अंगावर एकच पातळ थर. मुंबईच्या घामट हवेसाठी तो एकदम परफेक्ट. त्यावर अमेझॉनवरचं जॅकेट चढवलं तरी पोट, कान आणि शेपूट उघडंच राहतं.

माझ्या ओळखीच्या एका व्हेटने हिशोब सांगितला. कुत्र्याचं शरीर साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअसला चालतं. ते ३७ च्या खाली जायला लागलं की गडबड. आधी तो कुडकुडतो, पाय उचलून धरतो, चालायला तयार होत नाही. मग कुडकुडणं थांबतं. आपल्याला वाटतं, सवय झाली वाटतं याला. पण तीच सगळ्यात वाईट खूण. तो सुस्तावतो, अडखळतो, बर्फातच आडवा व्हायला बघतो. शिवाय बोटांमधल्या केसांत बर्फाचे गोळे धरतात आणि प्रत्येक पाऊल टोचायला लागतं. तहान लागली म्हणून बर्फच खाल्ला, तर अंग आतूनही गार पडतं. केदारकांठ्याच्या कॅम्पवर रात्री तापमान शून्याखाली पाच-दहा अंशांवर सहज जातं. आणि समुद्रसपाटीवरून चार-पाच दिवसांत साडेबारा हजार फूट! आपलं डोकं दुखलं तर आपण ग्रुप लीडरला सांगतो, गोळी घेतो, नाहीतर खाली उतरतो. उंची कुत्र्यालाही लागते. तो काय सांगणार? शिवाय कुत्र्याला मालकिणीच्या मागे जायचं एवढंच माहीत. दम लागला म्हणून तो थांबेलच, या भरवशावर राहू नका. ती चालतेय ना, मग मीही चालणार.

हे ऐकल्यावर मैत्रीण गप्प झाली. तरी तिने शेवटचा पत्ता टाकलाच, 'मग तिथले कुत्रे कसे जातात?'

काळूचं कोण?

तिथल्या कुत्र्यांची गोष्ट फोटोत दिसते तेवढी गोड नाही.

माझ्या पहिल्या ट्रेकला सांकरीतूनच एक काळा कुत्रा आमच्यापुढे चालायला लागला. अर्थातच त्याचं नाव काळू पडलं. ओक आणि बुरांशच्या झाडांमधून वाट चढते, बर्फ पाडणाऱ्या फांद्या, बुटांची करकर, आणि वीस पावलं पुढे हा. वळणावर थांबून मागे बघणार, सगळे आले की पुन्हा पुढे. गोठलेल्या जुडा का तालाबपर्यंत ग्रुपमधल्या प्रत्येकाने त्याला काही ना काही भरवलं होतं. बिस्किटं, चीज, मॅगी, कुणीतरी पुण्याची बाकरवडीसुद्धा. रात्री तो मेस टेंटच्या बाहेर अंगाचं वेटोळं करून, नाकावर शेपूट घेऊन झोपला. सकाळी पाठीवर बर्फाचा थर. उठला, अंग झटकलं, तयार!

आमचा गाईड सांकरीचाच, आमच्याच वयाचा. त्याने जे सांगितलं ते मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं. काळू भटका नव्हताच, गावातल्या एका घरचा होता. सीझनमध्ये असे कुत्रे खाण्याच्या आशेने ट्रेकर्सच्या मागोमाग वर जातात. ग्रुप एका वाटेने चढतो, दुसऱ्या वाटेने उतरतो, गाडीत बसून निघून जातो. कुत्रा वरच राहतो, पुढच्या ग्रुपची वाट बघत. मार्च-एप्रिलमध्ये ग्रुप आटतात. आणि जंगलात बिबट्या आहे. मेंढपाळांच्या भोटियांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो, तो शोसाठी नाही. बिबट्या मानच धरतो म्हणून. काळूच्या गळ्यात पट्टा नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी असाच वर गेलेला एक कुत्रा परत आला नाही, असं गाईड म्हणाला आणि स्टोव्हकडे वळला.

आमच्यापुरतं त्याने एक केलं. शिखर झाल्यावर काळूच्या गळ्यात दोरी अडकवली आणि त्याला खाली गावापर्यंत स्वतः चालवत आणलं. काळूला ते अजिबात आवडलं नाही. वर दुसरा ग्रुप आला होता ना!

कुत्रे थक्क करणारे पराक्रम करतात, यात वाद नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये नेपाळात एक भटकी कुत्री गिर्यारोहकांच्या एका टीमच्या मागे लागली आणि थेट ७,१२९ मीटरच्या बारुंत्से शिखरावर जाऊन आली. टीमने तिचं नाव ठेवलं मेरा. जगभर बातम्या झाल्या. पण टीमच्या लीडरने तिला रात्री आपल्या तंबूत घेतलं होतं आणि मोहिमेनंतर बेसकॅम्पच्या मॅनेजरने तिला काठमांडूला घरी नेलं. तिच्यामागे कुणीतरी उभं राहिलं. केदारकांठ्याच्या हॅपनिंग कॅम्पवर दर दोन दिवसांनी माणसं बदलतात.

आणि हा प्रश्न एका काळूपुरता नाही. तो सगळा इलाका गोविंद पशुविहारात येतो. १९५५ साली अभयारण्य झालं, पुढे त्यातल्या काही भागाचं राष्ट्रीय उद्यान. कस्तुरीमृग, अस्वल, बिबट्या, अगदी वर हिमबिबट्या. कुत्रा कुणाला चावलाच पाहिजे असं नाही. त्याच्यामार्फत डिस्टेंपर, रेबीजसारखे रोग जंगलात शिरू शकतात, आणि थंडीत आधीच उपाशी असलेल्या हरणाला नुसतं पळवलं तरी त्याचं नुकसान होतं. लडाख आणि स्पितीत हे फार पुढे गेलंय. उष्ट्यावर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या तिथे मेंढ्यांवर आणि जंगली प्राण्यांवर तुटून पडतात. ते उष्टं कुणाचं? बऱ्याच अंशी तुमचं-आमचं. म्हणून वर गेलात आणि काळू भेटला तर लाड जरूर करा, फोटोही काढा. खाणं मात्र गावात उतरल्यावर, त्याच्या घरापाशी. आणि तो मागे लागलाच तर गाईडला पहिल्याच दिवशी सांगा, वर पोचल्यावर नाही.

मग बंड्याने काय करायचं?

बंड्याने सह्याद्रीत जायचं! आणि तेही आत्ताच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा पंजांतून, बाकी सगळं काम धापा टाकून. त्यामुळे आपल्याकडे त्याचा शत्रू ऊन आहे. फेब्रुवारी संपता संपता कातळ असा तापतो की पंजे भाजतात, टाक्यांमधलं पाणी आटतं. पावसाळ्यात चिखल आणि लेप्टोची भीती. उरला हिवाळा.

मी सुचवेन राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने गेलं की पंधराएक किलोमीटरची बऱ्यापैकी सपाट वाट, बराच भाग जंगलातून. पहाटे निघालात तर दऱ्या धुक्याने भरलेल्या आणि गवत दवाने ओलं. उन्हं चढायच्या आत उधेवाडीत पोचून पिठलं-भाकरी. कर्जतकडची कोंदिवड्याची वाट खड्या चढाची आहे, पहिल्याच खेपेला नको. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पाळीव कुत्रे चालत नाहीत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि कर्नाळा ही अभयारण्यं आहेत, तिकडे कुत्रा न्यायचा विचारच करू नका.

तयारी फार नाही. रेबीज आणि लेप्टोची इंजेक्शनं झालेली हवीत. आमच्या भागात बहुतेकांचं हे काम परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्येच होतं. पाणी त्याचं वेगळं, निदान दोन लिटर. गावात आणि गुरांजवळ पट्टा सोडायचा नाही, कारण उधेवाडीचे कुत्रे आपल्या शहरी पाहुण्याचं स्वागत बॅण्डबाजाने करतातच. आणि घरी आल्यावर आधी कान तपासा. वाळलेल्या गवताची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात घुसतात, नुसतं झटकून निघत नाहीत. गोचिडीही बघा.

बर्फच हवा असा हट्ट असेल तर महाबळेश्वर. कडाक्याची थंडी पडली की वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठतं. गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा पापुद्रा. सूर्य वर आला की गायब. तेवढ्या बर्फाने बंड्याला काही होणार नाही. त्यासाठी पहाटे पाचला उठायची तयारी ठेवा.

मैत्रिणीने केदारकांठ्याचं बुकिंग केलंय, फेब्रुवारीचं, एकटीचं. आठ दिवस बंड्या काकूंकडे, म्हणजे वजन वाढवूनच निघणार. त्याआधी जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही राजमाचीला जातोय. गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत. सोबत कुत्रा आणणार असाल तर एकच.