गुण वाढले, पण हात सुधारला का?

टेबलावरचा पेला उचला बरं. उचललात? पाठ जागची हलली का? नाही ना! कोपर उघडलं, बोटं पसरली, काम फत्ते.

पक्षाघात झालेल्या आजोबांना हेच जमत नाही. मेंदूच्या एका भागाला रक्त मिळालं नाही किंवा तिथली रक्तवाहिनी फुटली, की त्या भागाचं काम थांबतं. बिघाड डावीकडे असेल, तर लुळा पडतो उजवा हात! पण मेंदू मोठा चिवट. तीच हालचाल शेकडो वेळा करून घेतली, तर शाबूत राहिलेले भाग ती शिकू लागतात. शेकडो वेळा पेला उचलून आजोबा वैतागणारच. म्हणून खेळ!

स्पेनमध्ये बार्सिलोनाला पॉल वर्शूर यांच्या गटाने असा एक खेळ तयार केला. पडद्यावर दोन हात दिसतात, जणू आपलेच. समोरून गोळे येतात, ते अडवायचे. जमू लागलं की गोळ्यांचा वेग वाढतो. चुकू लागलं की खेळ सोपा होतो.

अशा खेळांत खरी मजा पडद्यामागे असते. हात कुठे आहे, हे संगणक सेकंदाला कितीतरी वेळा टिपतो आणि वेगाचा आलेख काढतो. तुमच्या हाताचा आलेख म्हणजे एकच गुळगुळीत टेकडी. आजोबांचा हात अडखळत, थांबत जातो, म्हणून तिथे छोट्या छोट्या टेकड्यांची रांग. रांगेतल्या टेकड्या कमी झाल्या की समजायचं, गाडी रुळावर येतेय.

पण आजोबाही बिलंदर! कोपर उघडत नाही, मग ते कमरेत वाकून गोळा गाठतात. गुण वाढले, हात तिथेच. त्यामुळे हुशार यंत्रणा पाठीवरही नजर ठेवते.

आणि व्हीआर, म्हणजे पडद्यावरची ही आभासी दुनिया, काही जादू नव्हे हं. 2016 मध्ये 141 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना व्हिडिओ गेम दिला होता, बाकीच्यांना पत्ते आणि जेंगासारखे साधे खेळ. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले!

खेळातले गुण फसवू शकतात, म्हणून त्यांच्यावर विसंबून न राहता फिजिओथेरपिस्ट साध्या चाचण्याही घेतात. एका चाचणीत मधे आडवी फळी असलेली पेटी आणि अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे असतात. एका वेळी एकच ठोकळा उचलून फळीपलीकडे टाकायचा. 60 सेकंदांत किती गेले, ते मोजायचं. घरी करून पाहा, आधी उजव्या हाताने, मग डाव्या.